बारा इंची सबवूफर आणि ५०० वॉटचा मोनो अँप: हॅचबॅकमधल्या बसवणीच्या नोंदी

१ जून २०२४, शनिवार: सामान आणि मोजमाप

गाडी पाच दारांची पेट्रोल हॅचबॅक. बॅटरी मूळची, १२ व्होल्ट ३५ अँपिअर-अवर. कंपनीचा टचस्क्रीन स्टिरिओ बदलायचा नाही आणि कंपनीची एकही वायर कापायची नाही, या दोन अटींवर सगळं काम आखलं आहे. वायरिंग कापली की विजेच्या तक्रारींवरची वॉरंटी वादात सापडते.

सब, म्हणजे फक्त बास वाजवणारा सबवूफर, बारा इंची, ५०० वॉट आरएमएस (सतत झेपणारे वॉट), दोन कॉइलचा (कॉइल म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी), प्रत्येक कॉइल ४ ओहम. अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर, मोनो (एकाच चॅनेलचा), क्लास डी (कमी तापणारा प्रकार), २ ओहमला ५०० वॉट आरएमएस. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात आणि अँपला नेमके तेवढेच हवेत. कॉइल २ ओहमच्या घेतल्या असत्या तर समांतर जोडून १ ओहम झाला असता, आणि हा अँप तेवढ्याला बनलेला नाही. सब आणि अँप वेगवेगळे घेताना हा मेळ आधी बघा, वॉट नंतर. खोक्यावर छापलेले ‘३००० वॉट मॅक्स’ विसरून जा. अँपच्या अंगावरचे फ्यूज बघा. यावर ३० चे दोन आहेत, म्हणजे ६० अँपिअर. १३.८ व्होल्ट गुणिले ६०, त्याचे ७५ टक्के धरले तर ६२० वॉट येतात. म्हणजे ५०० चा दावा खरा असू शकतो. एकच ३० चा फ्यूज आणि अंगावर १००० वॉट लिहिलेलं असेल तर ते शक्यच नाही.

डिकीत खोक्यासाठी ६० सेंमी रुंद, ४० सेंमी उंच, ४० सेंमी खोल एवढी जागा सोडता येते. स्टेपनी काढता यायला हवी, म्हणून खोकं कायमचं ठोकायचं नाही. दोन पट्ट्यांनी बांधायचं.

२ जून, रविवार: वायरिंग किट बाद

‘४ गेज’ (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) लिहिलेलं १,८०० रुपयांचं किट आणलं होतं. गाडीत टाकण्याआधी टोक सोलून तपासलं. एक तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. लायटरच्या ज्योतीत धरल्यावर तार वितळून वाकली. तांब्याची इतकी बारीक तार लाल होते, पण उभी राहते. जाडीही फसवी निघाली. वरचं प्लास्टिक ११ मिमी, आतला तारांचा जुडगा जेमतेम साडेचार मिमी. तारांमधली पोकळी वजा केली की धातू साधारण १० स्क्वेअर एमएम उरतो. खऱ्या ४ गेजला २१ स्क्वेअर एमएम हवेत.

याने काय बिघडतं ते आकड्यांत असं. बॅटरीपासून डिकीपर्यंत केबल ५.२ मीटर लागते. या किटच्या केबलवर ४५ अँपिअरला साधारण ०.६५ व्होल्ट वाटेतच जातात. २५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या फ्लेक्सिबल केबलवर ०.१८ व्होल्ट. किटमधला फ्यूज होल्डरही बाद केला, त्याचे पितळी जबडे बोटाने हलत होते. सैल जबडा तापतो, प्लास्टिक वितळतं, आणि फ्यूज शाबूत राहून होल्डर पेटतो.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल मीटरवर घेतली, २८० रुपये मीटर, ८ मीटर. ‘गेज’ने मागितलं की दुकानदार कार-ऑडिओचं किट दाखवतो. स्क्वेअर एमएमने मागितलं की इलेक्ट्रिकलच्या दुकानात खरी केबल मिळते आणि दरही समजतो. काळ्या-लाल रंगाचा आग्रह धरू नका, टोकांना लाल टेप गुंडाळला की झालं.

८ जून, शनिवार: बॅटरी ते डिकी

सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह काढून. दहाचा पाना, आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो. मग दहा-पंधरा मिनिटं थांबून कामाला हात. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅग आणि सीटबेल्टच्या असतात. सीटखाली आणि बी-पिलरच्या (पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाच्या) पायथ्याशी त्या भेटतात. त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही, त्यांच्यावर केबल दाबायची नाही.

फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, नवं भोक पाडायची गरज पडली नाही. डॅशबोर्डमागे कंपनीची मोठी वायरिंग ज्या रबरी ग्रोमेटमधून (भोकातल्या बुचातून) आत येते, त्याच्या कडेला एक बंद नळी असते. तिचं टोक कापून वायरीचा कडक हँगर आतून बॉनेटकडे सारला, केबल त्याला टेपने बांधून आत ओढली. केबलला थोडा साबण लावला की रबर फाटत नाही. शेवटी ग्रोमेटच्या तोंडाशी सिलिकॉन. हे राहिलं तर पावसाळ्यात पाणी केबलवरून ओघळत डॅशबोर्डखाली येतं.

बॉनेटमध्ये केबल कॉरुगेटेड (नालीदार) पाइपमध्ये घातली, एक्झॉस्ट आणि रेडिएटर फॅनपासून लांब. फ्यूज बॅटरीपासून २० सेंमीवर. ४५ सेंमीच्या पुढे नेऊ नका. फ्यूज केबल वाचवण्यासाठी आहे. धडकेत केबल कुठे चेपली तर फ्यूजच्या अलीकडचा सगळा तुकडा उघडा जिवंत राहतो. एएनएल प्रकारचा (मोठ्या करंटचा, बोल्टने आवळायचा) ६० अँपिअरचा फ्यूज टाकला, अँपच्या दोन फ्यूजच्या बेरजेइतका. तपासणी होईपर्यंत फ्यूज होल्डरमध्ये नाही, खिशात.

केबल डाव्या उंबरठ्याच्या प्लास्टिक पट्टीखालून, आरसीए (अँपला आवाजाचा सिग्नल नेणारी वायर) आणि रिमोटची (अँप चालू करणारी) वायर उजव्या बाजूने. पट्टीच्या क्लिपा जुन्या गाडीत हमखास तुटतात. नाना पेठेत त्या सुट्या मिळतात, आठ-दहा आधीच आणून ठेवाव्या.

९ जून, रविवार: बॉडी अर्थ

या कामातली सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाची जोडणी ही आहे. जितका करंट पॉझिटिव्हने येतो तितकाच अर्थने परत जातो. तरी लोक ५ मीटर जाड केबल टाकतात आणि परतीसाठी एखादा स्क्रू पत्र्यात पिळतात.

सीटबेल्टचा बोल्ट वापरायचा नाही. तो ठरावीक टॉर्कने आवळलेला असतो आणि त्याच्यावर जीव अवलंबून असतो. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असल्यामुळे तिथे ड्रिलही नाही. डिकीत डाव्या चाकाच्या कमानीमागे, खालून हात घालून दोन्ही बाजू दिसतील अशी दुहेरी पत्र्याची जागा निवडली. ८ मिमीचं भोक, एम-८ बोल्ट, मागून नट. भोकाभोवती रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा भाग पॉलिश पेपरने घासून पांढरा लखलखीत पत्रा उघडा केला. रंग, प्रायमर आणि त्याखालचा करडा थर, तिन्ही गेले पाहिजेत. क्रम: पत्रा, थिंबल (केबलच्या टोकाला चेपलेली धातूची कडी), दात्यांचा वॉशर, नट. आवळून झाल्यावर वरून आणि खालून दोन्हीकडे पेट्रोलियम जेली, खालून वर अंडरबॉडीचा काळा लेप. जेली आवळण्याआधी लावू नका. अर्थची केबलही २५ स्क्वेअर एमएम, लांबी ४० सेंमी.

बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सरचा डबा असेल (नव्या गाड्यांत असतो), तर त्या डब्याला वगळून कोणतीही अर्थ थेट टर्मिनलच्या खांबावर घेऊ नका. बॉडीवरच घ्या. नाहीतर बॅटरीतून किती करंट गेला हे गाडीच्या संगणकाला कळत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.

१५ आणि १६ जून: पहिलं खोकं

लाकूड ठरवताना वाद नाही ठेवला. एमडीएफ कापायला सोपा, आवाजाला चांगला, पण पुण्यातल्या पावसाळ्यात बंद गाडीच्या दमट डिकीत त्याच्या कडा फुगतात आणि स्क्रूची पकड सुटते. आयएस ७१० शिक्क्याची १८ मिमी मरीन प्लाय घेतली, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून. शिक्का तुमच्या समोर कापलेल्या तुकड्यावरही दिसला पाहिजे.

आराखडा: निव्वळ पोट ५० लिटर, ट्यूनिंग (ज्या सुराला पोर्टमधली हवा सगळ्यात जास्त हलते तो) ३३ हर्ट्झ, पोर्ट (खोक्यातली हवा बाहेर जायची वाट) म्हणून ११० मिमीचा पीव्हीसी पाइप. त्याचा आतला व्यास साधारण १०४ मिमी, क्षेत्रफळ ८५ चौ. सेंमी, लांबी ४० सेंमी. पाइप रुंदीच्या दिशेने आडवा. स्वस्त, सोपा, प्लंबिंगच्या दुकानात कुठेही मिळणारा.

सांधे लाकडाच्या डिंकाने आणि ५० मिमीच्या स्क्रूने, आधी बारीक भोक पाडून. भोक न पाडता प्लायच्या कडेत स्क्रू घातला की थर उकलतात आणि तिथून हवा गळते. दमट हवेत डिंकाला एक रात्र पुरत नाही, दुसऱ्या संध्याकाळीही आतला डिंक नखाला चिकट लागत होता. सबसाठी लाकडी स्क्रू नाहीत, टी-नट (लाकडात रुतून बसणारे नट) आणि मशीन स्क्रू. सब पुन्हा-पुन्हा काढावा लागतो, लाकडातल्या स्क्रूची भोकं लवकर ढिली होतात.

२२ जून, शनिवार: सिग्नल आणि रिमोट

कंपनीच्या स्टिरिओला आरसीए नाही. मागच्या स्पीकरच्या वायरींमधून सिग्नल घेऊन लाइन आउटपुट कन्व्हर्टरने आरसीए बनवला. वायरी कापल्या नाहीत. स्टिरिओच्या मागे बसणारा टी-हार्नेस (कंपनीच्या कपलरमध्येच बसणारा मधला जोड) वापरला.

रिमोटची वायर, म्हणजे अँपला ‘चालू हो’ सांगणारी बारीक वायर, आधी फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज-टॅप लावून एसीसीवर (चावी फिरवताच येणाऱ्या विजेवर) घेतली. चावी फिरवताना आणि बंद करताना दर वेळी सबमधून जोरात धप्प. कारण अँप स्टिरिओच्या आधी जागा होतो आणि स्टिरिओ बंद होतानाचा झटका वाढवून सोडतो. रिमोट कन्व्हर्टरच्या रिमोट-आउटवर नेली. तो स्पीकरच्या वायरीवर सिग्नल दिसल्यावरच १२ व्होल्ट देतो. धप्प गेली. बाजारातला स्टिरिओ असेल तर हा त्रासच नाही, त्याची निळी-पांढरी वायर याच कामासाठी असते.

मग एक गोष्ट मोजली जी बहुतेक जण मोजत नाहीत. पेनड्राइव्हवर ४० आणि २०० हर्ट्झचे टोन (एकाच सुराचे सलग आवाज) घेऊन स्टिरिओच्या वेगवेगळ्या आवाजाला मागच्या स्पीकरच्या वायरीवर एसी व्होल्ट बघितले. आवाज २० वर दोन्ही जवळपास सारखे: २.९ आणि ३.०. २५ वर ४० हर्ट्झ ३.४, २०० हर्ट्झ ४.९. ३० वर ३.५ आणि ७.०. म्हणजे आवाज वाढवला की स्टिरिओ खालचा बास स्वतःच दाबून धरतो, छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. इथे गेन (अँप सिग्नल किती वाढवेल ते ठरवणारी कळ) आवाज ३० वर ठेवून लावला असता तर कमी आवाजाला बास अंगावर आला असता आणि मोठ्या आवाजाला गायब झाला असता. निर्णय: गाडीचा कमाल आवाज २४, सगळी जुळवणी तिथेच. त्यापुढे जायचं नाही.

२३ जून, रविवार: वीज सोडली

फ्यूज टाकण्याआधीच्या तपासण्या. दोन्ही कॉइल सुट्या मोजल्या, ३.६ आणि ३.६ ओहम. समांतर जोडून १.८. मल्टिमीटरवर छापील आकड्यापेक्षा थोडं कमीच दिसतं, ते बरोबर आहे. ०.९ दिसलं तर जोडणी तपासा, ७ दिसलं तर कॉइल मालिकेत जोडल्या गेल्यात. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून कोन बाहेर येतो का ते पाहिलं, आत गेला तर पोलॅरिटी उलटी. केबलचं पॉझिटिव्ह टोक आणि बॉडी यांत सातत्य नाही याची खात्री, मगच ६० चा फ्यूज.

गेन. ही मुठीने ‘आवाज वाढवायची’ कळ नाही, स्टिरिओच्या व्होल्टला अँपच्या व्होल्टशी जुळवणारी आहे. ५०० वॉट आणि २ ओहमचा गुणाकार १०००, वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. सब सुटा केला, इंजिन चालू, बास बूस्ट शून्य, लो-पास (ठरवलेल्या हर्ट्झच्या वरचे सूर अडवणारी गाळणी) पूर्ण उघडा, ५० हर्ट्झचा उणे ५ डेसिबल (कमाल पातळीच्या ५ डेसिबल खालचा) टोन, आवाज २४, अँपच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट. सब जोडल्यावर व्होल्ट थोडे बसतात, शिवाय गाडीचा व्होल्टेज कायम १४ नसतो, म्हणून ३१.६ ऐवजी २८ वर थांबलो. कानाला फरक एका डेसिबलचा. सबचं आयुष्य मात्र वाढतं. कॉइल जळतात त्या बहुतेक वेळा मोठ्या अँपमुळे नाही, गेन वर करून चपट्या झालेल्या लाटेमुळे.

नंतर लो-पास ८० हर्ट्झ, सबसॉनिक (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचे सूर अडवणारी गाळणी) २८ हर्ट्झ. पोर्टच्या खोक्यात सबसॉनिक अनिवार्य आहे. ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही आणि कोन मोकाट हलतो.

गाणं लावलं. मध्यम आवाजाला सुंदर. आवाज वाढवून ३५ हर्ट्झचा टोन लावला तर पाइपमधून फस-फस, ढोलावर कोणी फुंकर मारतंय असा आवाज. सबचा दोष नाही. ट्यूनिंगजवळ कोन जेमतेम हलतो आणि सगळी हवा पोर्टमधून पळते. ८५ चौ. सेंमीच्या पाइपला ती झेपत नाही. पाइपच्या दोन्ही कडा घासून गोल केल्या, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. दोन पाइप लावायचे तर त्याच ट्यूनिंगसाठी प्रत्येकाची लांबी ८५ सेंमीच्या वर जाते, खोक्यात मावणारच नाही. बारा इंची ५०० वॉटला एक चार इंची पाइप अपुरा पडतो, हे मान्य करून खोकं बाजूला ठेवलं.

२९ आणि ३० जून: दुसरं खोकं

पाइपऐवजी फटीचा पोर्ट, म्हणजे प्लायच्या भिंतींचा चौकोनी बोगदा, करायचं ठरलं, पण जुन्याच खोक्यात तो बसवता आला नाही. पाइप ४ लिटरहून कमी जागा खातो, फटीचा बोगदा १२ लिटर खातो. जुन्या खोक्याचं एकूण पोट ५७ लिटर, आता ६५ हवं.

नवीन मापं, १८ मिमी प्लाय, ६ बाय ४ फुटांच्या एका शीटमध्ये सगळं निघतं. कापणी दुकानातच पॅनेल सॉवर करून घ्या. हातकरवतीने मिलिमीटरची तिरप राहिली तरी सांधा गळतो.

वर आणि खाली: ५९ × ३८ सेंमी, दोन.
बाजू: ३८ × ३४.४, दोन.
पुढची आणि मागची: ५५.४ × ३४.४, दोन.
पुढे बाहेरून चिकटवायची दुसरी फळी: ५९ × ३८, एक.
बोगद्याची पहिली भिंत: ३०.४ × ३४.४.
बोगद्याची दुसरी भिंत: २६.९ × ३४.४.

फट ४ सेंमी रुंद, ३४.४ उंच, म्हणजे १३७ चौ. सेंमी. बोगदा डाव्या भिंतीलगत मागे जातो, मागच्या भिंतीपाशी काटकोनात वळतो आणि तिच्यालगत पुढे सरकून संपतो. मधल्या रेषेवर लांबी ६६ ते ६७ सेंमी, ट्यूनिंग पुन्हा ३३ हर्ट्झ. दुसरी भिंत मूळ हिशेबात २८.७ होती. पुढची फळी दुहेरी केल्याने बोगद्याचं तोंड १.८ सेंमीने लांबलं, म्हणून तेवढी कमी केली. हा तपशील विसरला की ट्यूनिंग खाली घसरतं. सबच्या मागच्या चुंबकापासून दुसऱ्या भिंतीपर्यंत १२ सेंमी मोकळे राहतात, ते पुरतात. बोगद्याच्या आतल्या तोंडाची आणि बाहेरच्या तोंडाची कड राउटरने गोल केली.

गळती शोधायला उदबत्ती. सब बसवून हलक्या आवाजात २५-३० हर्ट्झचा टोन लावायचा आणि सांध्यांवरून उदबत्ती फिरवायची. जिथे धुराची रेघ थरथरते तिथे गळती. (या चाचणीपुरता सबसॉनिक बंद, म्हणून आवाज खरोखर हलका ठेवा.) खालच्या मागच्या कोपऱ्यात एक जागा सापडली. सब काढून आतून डिंक आणि भुसा भरला.

३५ हर्ट्झला फस-फस संपली. कमाल आवाजाला हाताला वारा लागतो, कानाला येत नाही.

अँप खोक्यावर स्क्रूने बसवू नका. सततच्या थरथरीने आतले जोड सुटतात. मागच्या सीटच्या पाठीवर १२ मिमी प्लायचा तुकडा, त्यावर अँप, चारी बाजूंनी हवा. २५ स्क्वेअर एमएमची केबल अँपच्या ४ गेजच्या भोकात जात नव्हती. अशा वेळी काही तारा छाटून टोक बारीक करतात, ते करू नका. पिन टाइप थिंबल मिळतं, मागून २५ चं आणि पुढे बारीक पिन.

६ जुलै, शनिवार: बास आला की दिवे मंदावतात

रात्री, एसी चालू, हेडलाइट चालू, इंजिन आयडलवर. बासच्या प्रत्येक ठोक्याला डॅशबोर्डचे दिवे मान टाकत होते. अँपच्या टर्मिनलवर किमान १२.३ व्होल्ट. बॅटरीवर त्याच वेळी १३.१. केबलवर इतका फरक पडायचं कारण नव्हतं.

व्होल्टेज कुठे हरवतोय ते शोधायची पद्धत: मल्टिमीटर डीसी २ व्होल्टवर, टोन चालू, आणि वाटेतल्या प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना टोकं. फ्यूज होल्डर १० मिलिव्होल्ट. अर्थचा बोल्ट ते बॅटरी निगेटिव्ह १४० मिलिव्होल्ट. बॅटरीकडचं पॉझिटिव्ह थिंबल एकटंच ४१० मिलिव्होल्ट, आणि हात लावला तर कढत. हे थिंबल हातोडीने चेपलेलं होतं, शिवाय पांढरं ॲल्युमिनियमचं. कापून टाकलं. तांब्याचं कल्हईचं थिंबल, ते दाबून बसवायला हायड्रॉलिक क्रिंपर वायरमनकडून भाड्याने. नवीन जोडावर ४ मिलिव्होल्ट. लगेच बाकीची थिंबलंही त्याच क्रिंपरने पुन्हा केली.

मग बॉनेटमधल्या तीन केबल वाढवल्या: ऑल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह (हिच्यावर वेगळा फ्यूज, ऑल्टरनेटरच्या प्लेटवरच्या अँपिअरहून थोडा मोठा), इंजिन ते बॉडी, आणि बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी. शेवटच्या केबलचं टोक सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला. कंपनीच्या केबल काढल्या नाहीत, नवीन त्यांच्या जोडीला. आता त्याच परिस्थितीत अँपवर किमान १३.२.

इथे दुकानदार एक फॅरडचा कपॅसिटर (वीज साठवून झटक्यात सोडणारा डबा) सुचवतात. १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो जेमतेम ३२ ज्यूल देतो. ६०० वॉट ओढणाऱ्या अँपला हे सेकंदाच्या विसाव्या भागापुरतं. तेवढ्या पैशांत चांगली केबल आणि थिंबलं येतात.

करंट बघायचा तर क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा, घरगुती वायरिंगचे स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात. ४५ हर्ट्झच्या सलग टोनला ३१ अँपिअर, गाण्यांना सरासरी १० ते १४. म्हणून ऑल्टरनेटर बदलायची गरज नाही. इंजिन बंद ठेवून वाजवत बसलं तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तासाभरात सेल्फ मारण्याजोगी राहत नाही, हे मात्र गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

७ जुलै, रविवार: खडखड

२५ ते ८० हर्ट्झपर्यंत टोन हळूहळू चढवत नेला आणि डिकीभर हात दाबत फिरलो. ४२ हर्ट्झला नंबर प्लेट, ५० ला डिकीच्या दाराची आतली प्लास्टिक पाटी, ५८ ला मागची पार्सल ट्रे, ६६ ला जॅकचा दांडा.

एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबर प्लेट) न उघडणाऱ्या कुलपी रिव्हेटने बसवलेली असते, ती काढून मागे काही चिकटवता येत नाही. कडेने फोमच्या दोन पातळ पट्ट्या आत सारल्या, पुरलं. दाराच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलच्या (चिकट रबराच्या) थरथर शोषणाऱ्या डॅम्पिंग शीट, रोलरने दाबून. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, प्रत्येक मोकळ्या भागाच्या मध्यावर एक तुकडा बस होतो. पाणी निघून जायची खालची भोकं बंद करू नका. प्लास्टिकच्या क्लिपांवर कापडी टेपचा एक वेढा, खडखडीतली निम्मी तिथेच गेली.

मोठ्या आवाजाच्या चाचण्या दिवसा, मोकळ्या मैदानावर. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. फोनवरचं ॲप कमी आकडा दाखवतं म्हणून निश्चिंत राहू नका. ए-मापनात (कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी धरणाऱ्या मापनात) ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने कमी मोजला जातो, आणि शेजाऱ्याच्या खिडकीची काच मात्र तोच हलवतो.

१३ जुलै, शनिवार: शेवटची जुळवणी आणि खर्च

खोक्याचं तोंड डिकीच्या दाराकडे, फटीपुढे १८ सेंमी मोकळी जागा. छोट्या गाडीत ६० हर्ट्झच्या खाली बंद केबिनच बास वाढवते, त्यात ३३ चा पोर्ट, त्यामुळे ४०-४५ ला बास घुमत होता. लो-पास ८० वरून ७० वर, सबची पातळी थोडी खाली. फेज (सबची लाट सुलटी किंवा उलटी करणारी कळ) १८० वर ठेवल्यावर ड्रायव्हरच्या जागी ७० च्या आसपासचा तबला-डग्गा भरीव लागला, ० वर पोकळ. हे प्रत्येक गाडीत वेगळं येतं, डोळे मिटून दोन्ही ऐकायचं आणि जास्त भरीव वाटेल तिथे सोडायचं.

खर्च रुपयांत: सब ९,५००, अँप ११,०००, केबल २,२४०, कन्व्हर्टर आणि टी-हार्नेस १,९००, फ्यूज आणि होल्डर ४५०, थिंबलं आणि क्रिंपरचं भाडं ६००, प्लाय २,८८०, कापणी ८००, डिंक-स्क्रू-टी-नट ७००, कार्पेट ९००, डॅम्पिंग शीट २,४००, आरसीए ४००. हे ३३,७७०. शिवाय बाद झालेलं किट १,८०० आणि पहिलं खोकं २,६००. एकूण ३८,१७०. या नोंदी वाचून करणाऱ्याचे शेवटचे ४,४०० आणि दोन शनिवार-रविवार वाचायला हवेत.

विमा कंपनीला बिलं देऊन ॲक्सेसरी पॉलिसीत चढवून घ्या. विद्युत उपकरणांसाठी आयएमटी २४ ही वेगळी तरतूद आहे, नोंद नसेल तर चोरी झाल्यावर काही मिळत नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार: पावसाळ्यानंतरची तपासणी

डिकीतला गालिचा उचलला. स्टेपनीच्या खड्ड्यात ओल, टेललॅम्पच्या रबरातून आलेली. रबर बदललं. अर्थच्या बोल्टवर गंज नाही, जेली जागेवर. तरी मोजलं: अर्थ ते बॅटरी निगेटिव्ह टोनला ९० मिलिव्होल्ट, चालेल. २०० च्या वर गेला की उघडून पुन्हा घासायचा.

फ्यूज होल्डरचे स्क्रू एक अष्टमांश फेरा आवळले गेले, बारीक तारांची केबल दाबाखाली हळूहळू बसते म्हणून. अँपच्या टर्मिनलचंही तेच. खोक्याचे सांधे उदबत्तीने तपासले, गळती नाही, कडांना फुगारा नाही. सबच्या टी-नटांपैकी दोन ढिले होते, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले. पुढची तपासणी मेच्या उन्हानंतर, त्या वेळी आधी अँपखालची प्लाय आणि कन्व्हर्टरचा २ अँपिअरचा फ्यूज बघायचा.